कूलर आणि बंद खिडकी

नांदुऱ्यात कूलर दुरुस्तीच्या दुकानात लागलो तेव्हा मी आठवीतून शाळा सोडलेला, आणि घर पार कोकणात. मालकांनी कागद न बघता ठेवून घेतलं होतं, म्हणून तक्रार आली की आता कामावरून काढतील असंच वाटायचं. त्यात एका मावशींकडे आठवड्यात तिसऱ्यांदा जावं लागलं.

"तुमच्या कूलरनं उलटं उकडून राह्यलं. आता मालकालेच सांगतो."

मोटर ठीक, पंप ठीक, जाळ्यांतलं गवत ओलं. समोरची खिडकी मात्र पुन्हा बंद.

"मावशी, ही उघडी ठेवा म्हटलं होतं ना?"

"अन् सारी थंडी बाहेर जाईन ना बे!"

मालकांनी मला शिकवलं होतं की पाणी हवेत उडताना तिची उष्णता ओढून घेतं. कोंडलेली हवा दमट झाली की पाणी उडत नाही, मग गारवा कुठला? हे दोनदा सांगून माझा घसा दुखला होता. या वेळी मी सरळ खिडकी सताड उघडली आणि फरशीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं मावशींच्या कपाळावरचा घाम सुकला.

"हाव, आता बरोबर दुरुस्त केला तू!" म्हणत त्यांनी मालकांना फोन लावला आणि माझं तोंडभर कौतुक केलं.

मी पान्ह्याला हातसुद्धा लावला नव्हता. तो तसाच पिशवीत टाकला आणि निघालो.