टोचनाची होडी

आमचा धंदा टोचनाचा. भाईंदरच्या खाडीत कुणाची होडी बंद पडली की नवऱ्याला फोन येतो, मग तो दोर बांधून तिला ओढत धक्क्याला आणतो. मागच्या वर्षी असं ओढतानाच आमची होडी बुडाली. नवरा पोहून वर आला, होडी गेली. इंजिनाने दगा दिला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं.

यंदा विकाऊ अशा दोन जुन्या होड्या मिळाल्या. एकाच कारागिराने बांधलेल्या, इंजिनं सारखी, किंमतही तीच. फरक म्हणाल तर एक निळी, ताज्या रंगाची, आणि दुसरीचे पोपडे उडालेले. काशीमीऱ्याच्या मेकॅनिकने दोन्ही इंजिनं चालू करून ऐकली आणि म्हणाला, "भाभी, दोनों सेम है." धाकट्या दिराने निळी केव्हाच पसंत करून ठेवली होती. होडीत अर्धा वाटा त्याचा, त्यामुळे तोंड दुप्पट.

मी म्हटलं, दोन्ही होड्यांनी मागे एक होडी बांधून ओढून दाखवा. टोचनाची होडी रिकामी पळवून काय कळतंय डोंबल? दीर म्हणाला, वहिनी, तू गोडदेवच्या बाजारात पापलेट बघ, होडी आम्ही बघतो. म्हटलं, वीस वर्षं बसतेय त्या बाजारात, पापलेटसुद्धा कल्ले उघडून बघते, वरून चकाकतंय म्हणून उचलत नाही. आणि पदर खोचून मागच्या, ओढल्या जाणाऱ्या होडीत जाऊन बसले. नवरा आणि दीर पुढे, इंजिनाशी.

मागून सगळं स्वच्छ दिसतं. निळीचा दोर बांधायचा खुंटा पार मागच्या टोकाला. वळायला गेली की दोर तिचं शेपूट धरून ठेवायचा. सुकाणू फिरतंय आणि होडी ढिम्म. मागचा काठ पाण्याला टेकायला आला. सुकाणू दिराकडे होतं; नवऱ्याने दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरली होती, तेही मी पाहिलं. दुसरीचा खुंटा दोन हात पुढे होता. ती मागे ओझं असूनही चटकन वळली.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, निळी नको. दीर हसला. वहिनी घाबरली म्हणे, आता बायका घाबरतात म्हणून आपण होड्या बदलायच्या. माझं डोकंच सणकलं.

"व्हय, घाबरले. खाडीत तुजा रंग न्हाय जानार, माजा मानूस जानार हाय."

तो पुन्हा हसायला लागला, तेव्हा नवरा बोलला. वर्षभर जे मलाही बोलला नव्हता ते, धाकट्या भावासमोर, मान वर करून.

"ती न्हाय, मी घाबरलोय. त्या दिवशी इंजिन चालूच व्हतं. होडी वळली न्हाय."

त्यानंतर दिराने निळीचं नाव काढलं नाही.