निळ्या वेष्टनाखालची बॅटरी

त्या वासाचा सुगावा आधी सासूबाईंना लागला, आणि त्यांनी आळ घेतला तो फणसावर. उन्हाळ्याचे दिवस होते. मागच्या खोलीत अर्धा फणस केळीच्या पानाखाली झाकून ठेवला होता. सकाळी त्या खोलीच्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "मज कुजका वास येतोय." पान काढून पाहिलं तर गरे पिवळेधमक, ताजे. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी तो फणस शेजारी देऊन टाकला, फरशी पुसून घेतली. दुपारी पुन्हा तोच वास. गोडसर, ओशट, नाकात शिरला की घशापर्यंत उतरणारा.

मी दंतवैद्य आहे. तंजावूरच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझा दवाखाना आहे. कवळी तयार करताना जे द्रावण आम्ही वापरतो त्यालाही असाच गोड, डोक्यात जाणारा दर्प असतो, म्हणून मला वाटलं की माझ्याच कपड्यांना तो चिकटून घरी आला असेल. कपडे धुतले, बॅग उन्हात ठेवली. वास तसाच. शेवटी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि झाकण उघडल्याबरोबर तोंड फिरवलं. आत माझ्या हेलिकॉप्टरची बॅटरी होती. ठेवली तेव्हा साबणाच्या वडीसारखी चपटी, सरळ कडांची होती; आता तिचं पोट फुगलं होतं आणि निळं वेष्टन ताणून चकाकत होतं. बोट लावून पाहिलं तर आत मऊ लागलं, पू धरलेल्या हिरडीसारखं. मी हात झटकून मागे घेतला. रोज लोकांच्या तोंडात हात घालणारी बाई मी, पण त्या दिवशी मला ओकारी येईल असं वाटलं.

चिमट्याने उचलून ती मागच्या अंगणात दगडावर ठेवली, भोवती वाळू ओतली, आणि घरात सगळ्यांना सांगितलं की तिकडे कुणी जायचं नाही.

हे हेलिकॉप्टर म्हणजे माझा एकुलता एक छंद. हातभर लांब, रिमोटवर उडणारं. दिवसभर इंचभर जागेत हात स्थिर ठेवून काम करायचं आणि रविवारी सकाळी तोच हात मोकळ्या आकाशासाठी वापरायचा, यात मला फार सुख वाटतं. तिरुवैयारुच्या वाटेवर नवऱ्याच्या ओळखीच्यांचं शेत आहे. कापणी होऊन गेली की कालव्याला पाणी सुटेपर्यंत ते कोरडं पडून असतं. ऊन चढायच्या आत आम्ही स्कूटरवरून तिथे जातो. मी उडवते, नवरा बांधावर छत्री घेऊन पेपर वाचत बसतो.

बॅटरी नवी होती. म्हणजे नवी म्हणून आली होती. नवऱ्याचा मावसभाऊ अशा वस्तूंचा व्यापार करतो. चेन्नईहून माल आणतो आणि तिरुची, तंजावूर, कुंभकोणम असं फिरून विकतो. तंजावूरला आला की दुपारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. सासूबाईंच्या बहिणीचा मुलगा, लहानपणी सुट्टीत इथेच वाढलेला. माझी जुनी बॅटरी थकत चालली होती, तेव्हा त्यानेच आग्रहाने ही दिली. बाहेर कुठे शोधत बसू नका वहिनी, मी आहे ना, असं म्हणाला होता.

पहिल्याच रविवारी हेलिकॉप्टर डोक्याइतकं वर गेलं, थोडा वेळ स्थिर राहिलं आणि मग पात्यांचा आवाज उतरला. शेपूट हलायला लागलं. मी घाईने खाली उतरवलं नसतं तर आपटलंच असतं. मला बॅटरीचा संशय आला नाही, कारण ती नवी होती. मी मोटर पाहिली, दातेरी चाकांतली माती ब्रशने काढली, पाती सारखी आहेत का ते तपासलं, मोटरचा वेग ठरवणारी छोटी पेटी काढून तिचे सांधे पाहिले. सगळं ठाकठीक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी जुनी थकलेली बॅटरी लावली, आणि हेलिकॉप्टर तिच्यावर व्यवस्थित उडालं. नवी लावली की पुन्हा धाप लागायची.

आता शंका उरली नव्हती, पण पुरावा मिळेना. या बॅटरीत तीन सेल एकाला एक जोडलेले असतात. मीटर लावला की तिन्ही सेल सारखाच आकडा दाखवायचे. काही रुग्ण असे असतात, खुर्चीत बसल्यावर दात दुखतच नाही म्हणतात. काहीतरी चावायला दिलं की कळवळतात. म्हणून मी बॅटरीलाही चावायला दिलं. गॅरेजमधून रिक्षाच्या दिव्याचा बल्ब आणला, अंगणात बॅटरीला जोडला आणि मीटरवर डोळे ठेवून बसले. बल्ब पेटला, दोन सेल जागच्या जागी राहिले, आणि मधल्याचा आकडा धडाधडा खाली आला. बल्ब काढला, तो पुन्हा चढला आणि शेजाऱ्यांच्या ओळीत शहाण्यासारखा जाऊन बसला.

मी मावसदिराला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि दोष माझ्यावर टाकला. चार्जर चुकीचा असेल, तंजावूरच्या उन्हात ठेवली असेल, रात्रभर चार्जिंगला लावून विसरला असाल. चार्जर कुठला ते मी सांगितलं, तर म्हणाला की मग हवेचा परिणाम. शेवटी म्हणाला, वापरत राहा, सवय होईल. बॅटरीला कसली सवय होणार ते मी विचारलं नाही. त्याच्या आवाजातला तो गुळगुळीतपणा मला नकोसा झाला आणि मी फोन ठेवला. बॅटरी डब्यात घालून फळीवर टाकली. तिथे ती फुगली आणि घरभर वास सुटला.

वाळूतल्या दगडावर ती एक दिवस गार होऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी मी हातमोजे, चष्मा, मास्क असा सगळा जामानिमा केला, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि फक्त वरचं निळं वेष्टन कडेने चिरलं. आतल्या सेलला ब्लेड लागू न देता. असं करू नये हे मला ठाऊक होतं, आणि कुणाला करा म्हणून मी सांगणारही नाही. पण मला पाहायचंच होतं.

निळ्या वेष्टनाखाली दुसरं वेष्टन होतं. काळं, मधेच कापलेलं, त्यावर दुसऱ्याच कुठल्या बॅटरीची अर्धवट खरवडलेली चिठ्ठी. मधला सेल इतर दोघांपेक्षा रुंदीला किंचित लहान होता आणि त्याचा एक कोपरा दबलेला, कुठेतरी जोरात आपटल्यासारखा. दबलेल्या जागी पिवळी चिकटपट्टी फिरवली होती आणि तिच्या कडेने तपकिरी, तेलकट ओघळ वाळून बसले होते. वास तिथूनच येत होता. पट्टीच्या डिंकात कुणाचा तरी एक केस अडकला होता. सांधे नव्याने डाग देऊन जोडलेले. सुंदर पांढरी टोपी बसवलेला दात असतो, टोपी काढली की खाली सगळं सडलेलं निघतं, ते मी अनेकदा पाहिलं आहे. पण तिथे सडवणारे जंतू असतात. इथे कुणीतरी स्वच्छ हातांनी, बसून, निळं वेष्टन गरम हवेने नीट आवळून हे केलं होतं. हात धुतले तरी तो केस माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्या रात्री मी जेवले नाही.

नवरा म्हणाला, "सोड ना. घरचा माणूस आहे. दुसरी घेऊ."

मी म्हटलं की तो आला की मी विचारणार.  

मावसदीर पुढच्याच शनिवारी आला. सासूबाईंनी डांगर पचडी, दह्यात उडदाचं पीठ कालवून करतात ती, केली होती, कारण ती त्याला आवडते. पानावर बसून तो मन लावून जेवत होता, इकडचं तिकडचं बोलत होता. माझ्या बॅटरीचा विषयही काढला नाही. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा मी मागून पत्र्याचा ट्रे आणला आणि त्याला दिसेल असा लांबच जमिनीवर ठेवला.

"भावोजी, ही नवी म्हणून दिली होती ना तुम्ही?"

त्याने पाहिलं. त्याचा हात थांबला नाही. "उघडायला नको होती, वहिनी. उघडली की परत घेता येत नाही."

"आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"असतं की माहीत. पडून मोडलेल्या रिमोटच्या विमानांच्या बॅटऱ्या मिळतात. त्यातले बरे सेल काढून जोडतो. एखादी चालते, एखादी नाही."

"मग आमच्याकडेच का ही?"

त्याने भाताचा गोळा पचडीत फिरवला. खरंच समजावून सांगावं तसा तो म्हणाला, "बाहेरचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभं राहतं. घरची माणसं सांभाळून घेतात. म्हणून असली घरच्यांना देतो."

तो लाजला असता, चिडला असता, खोटं बोलला असता, तरी मला चाललं असतं. पण त्याने ते एखादी सोय सांगावी तसं सांगितलं आणि बोटं चाटली.  आणखी एक त्याने सांगितलं, की घरात ठेवू नका, कालव्यात टाकून द्या, पाणी पुढच्या गावाला जातं. त्या कालव्याचं पाणी पुढे कुणाच्या शेतात जातं हे त्यालाही माहीत होतं. आमचं धान्य तिकडूनच येतं.

मग त्याने सासूबाईंकडे पाहून आणखी ताक मागितलं.

सासूबाई आतापर्यंत भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी ताक वाढलं. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या आमच्या घरात मराठी फक्त आपसात बोलतात. दाराबाहेर सगळं तमिळ. सासूबाईंचं मराठी जुनं आहे, मी पुण्याला शिकून आल्यापासून माझं त्यांना पुस्तकी वाटतं. पण या भाच्याशी त्या जन्मापासून त्या जुन्या मराठीतच बोलत आल्या होत्या. ताक वाढून झाल्यावर त्या त्याला तमिळमध्ये म्हणाल्या की जेवण झालं असेल तर हात धुऊन घ्या. आणि ते 'घ्या' परक्या पाहुण्याला लावतात तसं होतं, 'नीङ्ग', म्हणजे 'तुम्ही' म्हणून.

तो मान वर करून पाहत राहिला. मराठीत म्हणाला, "मावशी?"

त्यांनी तमिळमध्येच उत्तर दिलं, की तुमची बस असेल. मग हात धुवायला पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि आत गेल्या. नवरा त्याला फाटकापर्यंत सोडायला उठला नाही. तेवढं त्याने केलं.

बॅटरी मी कालव्यात टाकली नाही. तिन्ही सेल बल्बवर पूर्ण रिकामे केले, मग ते मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवले, अंगणाच्या टोकाला. पाणी दोन दिवसांत गढूळ तपकिरी झालं, वर फेस आणि तेलाचा तवंग आला, कावळे बादलीच्या काठावर बसून उडून जात. रोज सकाळी ते पाहून मला चहा नकोसा व्हायचा. पुढे तारांची टोकं चिकटपट्टीने बंद करून बॅटरी नगरपालिकेच्या ई-कचऱ्यात दिली. बादली मात्र पुन्हा वापरावीशी वाटली नाही.

महिन्याभराने घरच्या सगळ्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर मावसदिराचा संदेश आला. मुलांसाठी उडती विमानं, हेलिकॉप्टरं, बॅटऱ्यांसकट, खास नातलगांना. खाली हसरे चेहरे, अंगठे. मी ट्रेमधल्या त्या चिरलेल्या बॅटरीचा फोटो टाकला आणि लिहिलं की ही मला नवी म्हणून दिली होती, जखमी सेल आत आहे, मुलांच्या हातात देऊ नका.  नवऱ्याने वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी कुंभकोणमहून नवऱ्याच्या आतेभावाचा फोन आला. हळू आवाजात बोलत होता. त्याच्या मुलीच्या विमानाची बॅटरी चार्जिंगला असताना धूर येऊन टेबल जळलं होतं. वर्ष झालं. घरचा माणूस म्हणून बोललो नाही, असं म्हणाला. तशीच दुसरी बॅटरी अजून कपाटात आहे, मुलीच्या कपड्यांच्या खालच्या खणात. थोडी फुगलीय बहुतेक. मी त्याला सांगितलं की आत्ताच्या आत्ता, चार्ज न करता, न दाबता, मातीच्या कुंडीत वाळू घालून गच्चीवर नेऊन ठेवा, मी रविवारी येऊन बघते. तो बरं बरं म्हणाला.

फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "वहिनी, मी फोन केला होता हे त्याला कळणार नाही ना?"

मी म्हटलं, "आधी कपाट उघडा."