लाभ

ताईचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी यायची होती. ती येण्याआधी आई सगळी अंथरुणं झटकत होती, तेव्हा मांजराच्या गोधडीवर तिला तांदळाचे दाणे दिसले. वेचायला गेली तर त्यातला एक हलला.

"घरात बाळ येणार. आता मांजर ठेवायचं नाय," ती वडिलांना म्हणाली. रविवारी त्यांनी ते पोत्यात घालून लांबच्या मळ्यात सोडून यायचं ठरलं. खरं तर मांजर आईचंच होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते थांबायचं नाही. हे ठरवताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कुठंही काही विचारायचं असलं की मला पाठवतात. आणि मला विचारायचीच भीती वाटते. शहरात औरंगपुऱ्यात कॉलेज सुटल्यावर मी जनावरांच्या दवाखान्यासमोर बराच वेळ उभी होते. आमच्या लासूर गावातल्या साध्या मांजरासाठी कुणी डॉक्टर गाठतं का, असं ते म्हणतील असं वाटत होतं.

डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत. ते दाणे म्हणजे जंताचे तुकडे, असं त्यांनी सांगितलं. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि तिच्यातून हा जंत पोटात जातो. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, अंगावरच्या आणि अंथरुणातल्या पिसवाही घालवाव्या लागतात. पिसवांसाठी आईनं शेजारच्या गोठ्यातून गोचिडाचं औषध आणून ठेवलं होतं. ते सांगितल्यावर मात्र डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "ते अजिबात लावू नका. म्हशीला चालतं, मांजर त्यानं मरू शकतं." ताईबद्दलही मी अडखळत विचारलं. मांजर सोडायची गरज नाही, फक्त तिनं त्याची घाण काढू नये, हात धुवावेत आणि आपल्या डॉक्टरांना मांजराचं सांगून ठेवावं, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी वजन विचारलं, कारण औषध वजनावर ठरतं. मला ते सांगता आलं नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईला पटलं नाही, पण वडील म्हणाले, वजन तर करून बघू. वडील मोंढ्यात मापाडी आहेत, दिवसभर धान्य तोलतात. रविवारी सकाळी आम्ही आडतीच्या दुकानात गेलो. मांजर आईच्या पिशवीत होतं, म्हणून तीही आली. पोतं तिनं सोबत घेतलं होतं.

वडिलांनी पिशवी लहान काट्यावर ठेवली, आकडा स्थिर होऊ दिला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "लाभ."

आमच्याकडं धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वडिलांच्या तोंडून एक हा शब्द काट्यापाशी निघतच नाही. पोत्यांवर बसलेले हमाल हसायला लागले. मळ्याचं वडिलांकडून आधीच ऐकलेला त्यातला एक म्हातारा आईला म्हणाला, "वहिनी, आता कसं सोडता? लाभ कुणी मळ्यात टाकून येतं व्हय?"

आई हसली नाही. वडील चूक झाल्यासारखे आकड्याकडं बघत राहिले. मी वजन लिहून घेतलं. मग आईनं पिशवी उचलून छातीशी धरली. रिकाम्या पोत्याची घडी करून तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव."

औषध दिलं. गोधड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या, गोचिडाची बाटली गोठ्यात परत गेली. ताई आली तेव्हा आईनं तिला उंबऱ्यातच हात धुवायचं बजावलं.

डॉक्टरांनी काही आठवड्यांनी वजन पाहून पुन्हा औषध द्यायला सांगितलं होतं. त्या सकाळी पिशवी आईनंच काढली. वाटेत तिनं वडिलांना विचारलं, "आता दोन म्हणायचं का?"

वडिलांनी थोडा विचार केला. "नाय. नव्या राशीला परत लाभच."

मांजराचं वजन थोडं वाढलं होतं.