रुमालाखालची नावं

सेलूतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक कापूस-दलाल रोज कॉम्प्युटरवर बसायला येतात. बसतात कसले, सारखी ऊठबस. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या वर्ध्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रं ते इंटरनेटवर धुंडाळतात. एक भाव वाचला की दारापर्यंत जाऊन येतात.

त्याच पानावर लढाईत मेलेल्यांची नावं असतात. पडद्याच्या तेवढ्या भागावर ते खांद्यावरचा रुमाल सोडतात. याच रुमालाखाली व्यापाऱ्यांची बोटं दाबून, भाव गुपचूप ठरवत त्यांनी जन्मभर सौदे केले.

"काका, काऊन झाकता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नावं दिसली का भाव वाचवत नाई, बावा."

परवा दुकानातल्या टीव्हीवर कुठल्याशा नव्या युद्धाची बातमी लागली. रडणाऱ्या बाया दिसल्या. काका ताडकन उठले आणि रुमाल टीव्हीवर टाकून माझ्याकडे वळले.

"तिकडं कापूस पिकते का रे?"

मला संताप आला. आमच्याही घरात, भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस आढ्याला टेकलाय. त्याच संतापात मी कॉम्प्युटरवर त्या देशातला कापूस शोधायला लागलो.