सुटलेली ओळ

खेडच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर होतो. माइकवरून गाड्या पुकारण्यात सगळी नोकरी सरली, म्हणून निवृत्त होऊन गावी आल्यावर वाडीने ग्रंथवाचन आपसूक माझ्याकडे दिलं. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात संध्याकाळी माणसं जमतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. बरीच वर्षं तो एक जण मीच होतो.

गेल्या पावसाळ्यात वाचता वाचता वाडीच्या अध्यक्षाने मला थांबवलं. तो माझ्याहून लहान, मला भाऊ म्हणतो.

"भाऊ, ही ओळ दोनदा वाचलीत. आज ध्यान कुठं हाय तुमचं?"

ते फार लागलं. कारण त्या दिवसांत मी वाचनाला जेवढं लक्ष देत होतो, तेवढं उभ्या जन्मात कशाला दिलं नव्हतं. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडायची नाही. कधी तीच ओळ परत हाती यायची, कधी मधली गळायची. शोधण्यातच इतका जीव जायचा, की काय वाचलं ते माझं मलाच कळायचं नाही. घरी बायकोचंही तेच म्हणणं, की माझं चित्त थाऱ्यावर नसतं.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून रत्नागिरीला गेलो. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ मी न अडखळता वाचली. तरी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला आणि एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, आजूबाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं. माझं मन परतीच्या गाडीकडे गेलं, नजर हलली आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागली. तिथेही माझं लक्षच कमी पडलं.

काचबिंदू निघाला. मी जरा चिडूनच विचारलं, मग तक्ता कसा वाचला?

"तिथे एकेक अक्षर ओळखायचं असतं, ते तुम्हाला दिसतं," त्या म्हणाल्या. "वाचताना आजूबाजूचंही दिसावं लागतं. ते तुमचं गेलंय. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घालून उरलेलं सांभाळायचं."

वाडीत कोणाला हे समजावणं म्हणजे डोकेफोड. निम्म्यांना तो मोतीबिंदू वाटला, ते म्हणाले काढून टाका की. बाकीच्यांनी मला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून काठीशिवाय उतरताना पाहिलं होतं. त्यांचा विश्वासच बसेना. वाचन शेजारच्या सूनबाईकडे गेलं. ती बरं वाचते. पण मी ऐकायला बसलो की तिच्या चुका मोजत राहायचो, आणि तो भाग माझ्या डोक्यात शिरायचाच नाही.

घरी सकाळी ओळीखाली काळी पट्टी धरून वाचू लागलो. जमतं, पण मुंगीच्या पावलाने. मध्ये बायकोने आज बांगडे आणू का एवढं विचारलं तरी धागा तुटतो. एकदा मी तिच्यावर खेकसलो. त्यानंतर सकाळी ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

यंदा अध्यक्षाने मला एक पान वाचायचा आग्रह केला. त्याने ते मुद्दाम झेरॉक्सवाल्याकडून खूप मोठं करून आणलं होतं. अक्षरं बोटभर. माझ्या नजरेत एका वेळी जेमतेम एकच शब्द मावायचा, पुढचा कुठे आहे ते चाचपडावं लागायचं. पान अर्धं सोडून मी ते सूनबाईच्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर त्याला सांगितलं, "मोठ्या अक्षराने आणखी अडतं रे. आहे तेच अक्षर ठेव, पण ओळी आखूड कर."

"मोठं केलं तर कमी दिसतं?"

"हो."

बरं भाऊ, म्हणाला आणि चपला घालून गेला. त्याला पटलं नव्हतं हे मला चांगलं दिसत होतं.