जवसाच्या तेलाची फळी

नोकरी रंगाच्या कारखान्यातली आणि हौस जवसाच्या तेलाची. सुकापूरच्या आमच्या इमारतीमागे एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. सुट्टीच्या दिवशी मी तिथे या तेलापासून रेझिन बनवायचो. प्रक्रिया केलेलं तेल घ्यायचं, त्यात ते घट्ट करणारा हार्डनर घालायचा, त्या चिकात तागाचे थर भिजवून साच्यात दाबायचे आणि तापवायचे, की लाकडासारखी फळी तयार. निदान पुस्तकात तरी होते. शेजारच्या काकू वासावरून विचारायच्या, "आज चटणीचा बेत वाटतं?"

माझे सासरे उरणचे कोळी. खांद्याच्या ऑपरेशननंतर होडीतल्या मासळीच्या खणावरची लाकडी फळी त्यांना उचलवेना. पाणी पिऊन पिऊन तिचा धोंडा झाला होता. फळी उचलत नाही तर होडी विकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि गिऱ्हाईकही बघितलं. माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. "हलकी फळी मी देतो, महिनाभर थांबा," असं मी ठोकून दिलं. बायको काही बोलली नाही. तिचा होकार मी धरूनच चाललो.

पहिल्या फळीला फोड आले. दुसरीवर पांढरे डाग पडले, शिवाय बोट लावलं की चिकट. मी प्रमाण तपासलं, तापमान वाढवलं, हार्डनर बदलला, कारखान्यातल्या मित्राचं डोकं खाल्लं. तिसरीनेही तेच रंग दाखवले. महिना संपत आला तसे सासरे कोळंबी घेऊन स्वतःच बघायला आले.

फळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तागाच्या थरांसाठी कोपऱ्यात कापून ठेवलेल्या गोणपाटाचा तुकडा उचलला आणि सरळ जिभेला लावला. त्या जुन्या गोणी मी पनवेलच्या बाजारातून स्वस्तात आणल्या होत्या, आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो.

"मिठाच्या गोणी हायत या," ते म्हणाले. "मीठ हवेतलं पानी वढतं. आमी जाळीसुदीक गोड्या पान्यात धुतो. तुमी धुतल्या नाय?"

नव्हत्या धुतल्या. इतकी वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, पण गोणी चाटून बघावी हे काही सुचलं नाही. मला मनापासून लाज वाटली. मग तीन पाण्यांतून गोणी काढल्या, गच्चीवर चार दिवस कडक उन्हात वाळवल्या, आणि चौथी फळी साच्यातून कोरडी ठणठणीत निघाली.

उरणला होडीवर ती बसवली. सासऱ्यांनी ती एका हाताने उचलली, तेही दुखऱ्या हाताने. दोनदा उचलली, दोनदा ठेवली. "आता इकायची नाय," एवढंच म्हणाले आणि तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. माझी छाती फुगली होती.

परतीच्या एसटीत बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. पनवेल आलं तरी तिची नजर तिथेच. शेवटी मी विचारलं, काय झालं.

"ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं होतं, सुटले. आता बाबा घरी राहतील," ती म्हणाली. "तुम्हाला ती फळी जरा जड नसती का करता आली?"