हात बघणारे अण्णा

अण्णांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, हात राहत. आमच्या ऑफिसात दोन वर्षं काढूनही ते मला नावानं ओळखत की नाही याची मला शंका होती. पण मी माउस डाव्या हातानं धरतो आणि चहाचा कप उजव्या हातानं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कुणाबद्दल विचारलं तर म्हणत, "तो व्हय, बोटं मोडत बसतो तो?" आणि तो तोच असे.

अण्णा मूळचे महाळुंग्याचे, शेतकरी घरातले. डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात लागले आणि कामगाराला कमीत कमी वाकायला, वळायला लागावं अशी यंत्रांची मांडणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आले. आम्ही तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबसाठी मोबाइलवरचं ॲप बनवत होतो. वॉर्डात रक्त घ्यायला जाणाऱ्या टेक्निशियनच्या हाती तो मोबाइल असणार, तिथंच ट्यूबवरची चिठ्ठी छापली जाणार, आणि कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जायची भीती संपणार, असा एकूण बेत. आम्ही पोरं स्क्रीनचे रंग ठरवण्यात गुंग होतो. अण्णांनी आमचं काम पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ह्यो मोबाइल धरायचा कुठल्या हातात?"

उत्तर शोधायला ते आठवडाभर हॉस्पिटलात जाऊन बसले. एका नर्सबाईंना वाटलं, हा म्हातारा हात बघतो म्हणजे भविष्य सांगत असणार. त्यांनी तळहात पुढे केला. "लग्नाचं बघा जरा." अण्णांनी हात निरखून पाहिला आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. ट्यूबचं झाकण एका हातानं कसं काढता ते दाखवा." बाईंनी दाखवलं. लग्नाचं काय झालं ते ठाऊक नाही, पण आमच्या ॲपची सगळी बटणं त्या दिवसापासून एका अंगठ्याच्या आवाक्यात आली.

त्यांना सगळ्यात जास्त कौतुक होतं सुनीताचं. सुनीता ही तिथली टेक्निशियन, नांदेडकडची, कंत्राटावर लागलेली. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं पेशंटच्या दंडाला पट्टा बांधणार, दातात हातमोजा. "चार हात देवाला. सुनीताला दोनच हायेत," असं अण्णा आम्हाला सारखं ऐकवत. दापोडीच्या एका शिंप्याकडून त्यांनी तिच्या ॲप्रनला पोटावर तिरका खिसा शिवून आणला. मोबाइल त्यात उभा राही आणि मान खाली घातली की दिसे. सुनीता खूश. आम्ही मनातून जरा खट्टू, कारण आमच्या रंगांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग अण्णांच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली. पेशंटच्या मनगटाला जी पट्टी असते, तिच्यावरचा कोड स्कॅन केल्याशिवाय चिठ्ठी छापायची नाही, असा आमचा नियम होता. पण मनगट कधी चादरीखाली, कधी अंगाखाली; पट्टी भिजलेली, चुरगळलेली. अण्णा म्हणाले, कोड खाटेच्या पायाकडच्या दांडीला लावा. लावला. लांबूनच मोबाइल दाखवायचा, नाव आपोआप यायचं, चिठ्ठी बाहेर. काम इतकं सुरळीत झालं की हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी आम्हाला पेढे दिले.

पेढ्यांची चव जिभेवर असतानाच ती गोष्ट घडली. पुरुषांच्या वॉर्डात एकाच गावचे दोन जण शेजारी शेजारी होते. उन्हाळा मरणाचा. त्यातलं म्हातारं माणूस उकाड्यानं तळमळत होतं, आणि पंखा होता दुसऱ्याच्या डोक्यावर. दुसरा म्हणाला असणार, "आबा, तुमी या हिकडं." उशा उचलल्या, खाटा बदलल्या. गावाकडच्या माणसाला यात कुणाला काही सांगण्यासारखं वाटतच नाही. सुनीता आली, तिनं खाटा स्कॅन केल्या आणि रक्त घेतलं. अंगात रक्त आधीच कमी असलेल्या म्हाताऱ्याचा नमुना दुसऱ्याच्या नावावर गेला आणि दुसऱ्याचा म्हाताऱ्याच्या. दुसऱ्याला रक्त चढवायची तयारी सुरू झाली, तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरांना शंका आली. कालपर्यंत ज्याचं रक्त ठीक होतं त्याचं हिमोग्लोबिन एका रात्रीत इतकं उतरेल कसं? त्यांनी सगळं थांबवलं, आणि कुणाला इजा झाली नाही.

पण कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं, आणि कंत्राटावरचं माणूस काढायला सगळ्यात सोपं. सुनीताला घरी पाठवायचं जवळपास ठरलंच होतं. बैठकीला जाताना गाडीत आमच्या साहेबांनी बजावलं, "कुणी विचारलं तर ॲप बरोबर चाललं, एवढंच म्हणायचं." ते खोटंही नव्हतं.

बैठकीत सुनीता भिंतीला टेकून उभी होती. व्यवस्थापक तिला विचारत होते, "नाव विचारायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "सर, नाव आलेलंच होतं की समोर." तेव्हा अण्णा उठले.

"ॲप बरोबर चाललं, साहेब. मीच चुकीचं बांधलं. कारखान्यात मशिन आपली जागा सोडत न्हाई. माणूस उठून पंख्याखाली जातो, ह्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई. या पोरीनं आमी सांगितलं तेच केलं. तिला काढाल तर उद्या दुसरी येईल, आन् तीबी हेच करंल."

सुनीताची नोकरी राहिली. आमच्या कंपनीचं कामही राहिलं, पण अण्णांना पुन्हा हॉस्पिटलात पाठवायचं नाही या अटीवर. साहेबांनी ती मान्य केली. अण्णांनी डबा पिशवीत घातला, आम्हा पोरांच्या पाठीवर थाप मारली आणि नोकरी सोडून महाळुंग्याला निघून गेले. साहेबांचा तेव्हा आला इतका राग मला पुन्हा कुणाचा आला नाही. त्यांना मात्र कुणाचाच आला नव्हता. पुढे मी फोनवर कुरकुरत सांगितलं की आता पुन्हा मनगटावरची पट्टी स्कॅन करावी लागते, शिवाय पेशंटनं स्वतः नाव सांगेपर्यंत स्क्रीन कोरी राहते, फार वेळ जातो. तर म्हणाले, "जाऊ दे की, गड्या. तेवढंच दोन शब्द बोलणं हुतं आजारी माणसाशी."

गेल्या वर्षी अण्णा गेले.

परवा त्या हॉस्पिटलात नव्या टेक्निशियनना ॲप शिकवायचं होतं. शिकवायला सुनीता, ती आता तिथली इन्चार्ज आहे. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "मॅडम, कोड खाटेलाच लावला तर पटकन होईल ना?"

सुनीता हसली. "लावला होता बाई. ज्यांनी लावला ना, ते आमचे अण्णा. चूक झाली तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते, आणि ते एकटे उठून म्हणाले, माझं चुकलं. म्हणून मी आज इथं उभी राहून तुला शिकवायलेय." मग ती मनगटावरची पट्टी कशी स्कॅन करायची ते दाखवू लागली.

हे अण्णांना सांगायला हवं म्हणून मी फोन हातात घेतला, आणि ते गेल्याचं मला तेव्हा खरं कळलं.